युद्धकाळांतील हवाना चिरूट

चिरूट हा शब्द आपल्याकडे तमिळ भाषेंतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘गुंडाळलेली वस्तु’ एवढाच आहे. त्रिचनापल्ली व दिंडीगल येथील चिरुटांचा धूर इंग्रजी अमदानींत साहेबांच्या बंगल्यांतून पुष्कळ निघाला, आणि रिकाम्या पेट्या मागाहून बटणें व टपालाचीं तिकिटें ठेवण्यास मध्यम वर्गाच्या घरीं आल्या. परंतु ज्या पेटीविषयीं आम्ही येथें लिहीत आहों ती क्यूबा बेटांतील हवाना शहरची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील अशी पेटी कोणाच्या हातीं आली, तर तीन प्रश्न निघतात: ती खरी कशावरून, आंतील चिरूट ओढावा काय, आणि तिचें मोल किती. आमच्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर नीट मिळालें कीं उरलेल्या दोहोंचीं उत्तरें त्यांतूनच निघतात. कारण ही वस्तु आज तंबाखू कमी आणि दस्तऐवज अधिक आहे.

युद्धानें या व्यापाराची कशी उलथापालथ केली तें आधीं पाहिलें पाहिजे. इंग्लंड हें हवानाचें फार जुनें गिऱ्हाईक. पण क्यूबाचा माल डॉलर मोजून घ्यावा लागे, आणि 1939 नंतर ब्रिटिश सरकारास प्रत्येक डॉलर विमानें, तोफा व धान्य यांसाठीं हवा होता. हवानाची आयात आटली आणि तिची जागा जमेकाच्या चिरुटानें घेतली. जमेका ही वसाहत, तेथील माल पौंडांत मिळे. पूर्वेकडे 1942 सालीं मनिला व सुमात्रा जपानच्या हातीं गेलीं. त्यामुळें मनिला चिरूट आणि चिरुटाच्या बाहेरील वेष्टनासाठीं नांवाजलेलें सुमात्राचें पातळ पान हीं दोन्ही दोस्त राष्ट्रांस दुर्मिळ झालीं. अशा स्थितींत लंडनच्या दुकानांतून युद्धापूर्वीं येऊन पडलेल्या पेट्यांस ठेव्याची योग्यता आली.

1941 च्या एप्रिलमध्यें ड्यूक स्ट्रीटवरील डनहिल यांचें दुकान जर्मन बाँबफेकींत उद्ध्वस्त झालें. दुकानाच्या व्यवस्थापकानें त्याच अपरात्रीं चर्चिल यांस टेलिफोन करून त्यांचे चिरूट सुखरूप असल्याचें कळविलें, असें सांगतात. ज्या रात्रीं शेंकडों माणसें मेलीं त्या रात्रीं चिरुटांची खुशाली कळवावी, हें कोणास खटकेल, आम्हांसहि खटकतें. पण त्या मालाचें दुर्भिक्ष किती होतें हें यावरून चांगलें समजतें. त्याच वर्षीं क्यूबाहून चर्चिल यांस चिरुटांची मोठी भेट आली, तेव्हां त्यांत कोणी विष घातलें नाहीं ना, हें पाहण्याचें काम गुप्तचर खात्यांतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांजकडे आलें. माल कोणाकोणाच्या हातून आला हें विचारल्यावांचून तो तोंडाला लावूं नये, ही त्यांची वृत्ति संग्राहकानेंहि उचलण्यासारखी आहे.

त्या काळच्या हवानाच्या पेटीवर तारीख शोधणाऱ्याची निराशा होते. कारखाना व महिना सुचविणारा सांकेतिक छाप पेटीच्या तळाशीं 1985 पासून येऊं लागला. त्यापूर्वींच्या पेटीचें वय अनुमानानेंच काढावें लागतें. झाकणाच्या कडेवरील हिरवी हमीपट्टी पाहून पुष्कळांस धन्यता वाटते. ती 1912 च्या कायद्यान्वयें आली, 1931 सालीं तिचें रूप बदललें, आणि तें रूप 1999 पर्यंत जवळजवळ तसेंच राहिलें. म्हणजे एकट्या पट्टीवरून जवळजवळ सत्तर वर्षांतील कोणतेंहि वर्ष संभवतें! तळाचा छाप अधिक बोलका आहे. क्यूबांतील क्रांतीनंतर 1960 सालीं कारखाने सरकारजमा झाले, आणि लवकरच ‘मेड इन क्यूबा’ ही इंग्रजी अक्षरें जाऊन ‘एचो एन कुबा’ हीं स्पॅनिश अक्षरें आलीं. मालकाच्या नांवावरूनहि निकाल लागतो. माँटेक्रिस्टो हा छापच 1935 सालचा. तेव्हां या नांवाची पेटी पहिल्या महायुद्धांतील म्हणून कोणी विकूं लागला, तर त्याच्याशीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. एच. उपमन हा जुना कारखाना 1937 सालीं मेनेंदेस व गार्सिया यांनीं घेतला. पेटीवर त्यांचें नांव असल्यास ती त्यापूर्वींची नव्हे. अशा रीतीनें 1937 ते 1960 एवढें अंतर उरतें. तें आणखी तोडण्यास दुकानाची पावती, आयात करणाऱ्याची चिठी किंवा घरांतील एखादें पत्र लागतें. अमेरिकेंत विकलेल्या पेटीचें काम सोपें आहे: तेथील त्या काळच्या करपट्टीवर मालिकेचा आंकडा असे, त्यांत 1830 मिळविले कीं वर्ष निघतें. 112 म्हणजे 1942.

आतां ओढण्याविषयीं. साधारण 65 ते 70 टक्के दमटपणांत व थंडाव्यांत सतत राहिलेला चिरूट इतक्या वर्षांनींहि जळतो. पण त्याचा उग्रपणा जाऊन बहुधा सुगंधहि फिका झालेला असतो. वाळलेल्यास एकदम ओलावा दिल्यास वेष्टन फाटतें. आठवडेच्या आठवडे हळूहळू द्यावा लागतो. टांचणीनें टोचल्यासारखीं छिद्रें दिसल्यास आंत तंबाखूचा किडा राहून गेला असें समजावें. पांढरी भुकटी ही मुरल्याची खूण म्हणून विक्रेते मिरवितात. ती बहुतेक वेळां बुरशीच असते. शिवाय त्या दशकांत अमेरिकेंतील तंबाखूच्या शेतांवर किडींसाठीं शिसें व सोमल यांचें औषध मारीत, हेंहि विसरतां येत नाहीं. तंबाखूचा स्वतःचा अपाय आहेच, आणि तो जुनेपणानें कमी होत नाहीं. एवढ्या जोखमीनें जें मिळतें तें फिक्या धुराचे चार झुरके, आणि जें जातें तें पुन्हां कोठेंहि तयार होणारें नाहीं. आम्ही तरी ओढणार नाहीं.

मोलाची गोष्ट लिलावांत उघड होते. 1941 च्या ऑगस्टमध्यें चर्चिल यांनीं अर्धवट ओढून टाकलेला एक चिरूट 2010 सालीं इंग्लंडांतील नॉरफक परगण्यांत 4,500 पौंडांस गेला. त्याच्या सोबत त्या काळची एक चिठी होती. 1947 सालीं पॅरिसच्या विमानतळावर त्यांनीं अर्धा ओढलेला दुसरा चिरूट 2017 सालीं बॉस्टनच्या एका लिलावसंस्थेनें 12,000 डॉलरांहून अधिक किंमतीस विकला. त्याच्या कागदी कड्यावर चर्चिल यांचें नांव छापलेलें होतें. दोन्ही थोटकें ओढण्याच्या कामाचीं राहिलीं नव्हतीं. गिऱ्हाइकानें पैसे मोजले ते चिठीला आणि कड्याला.

म्हणून जुन्या घराच्या माळ्यावर अशी पेटी निघाली, तर आंतील कागद, पावत्या व सुटीं कडीं प्रथम जपून वेगळीं ठेवावीं. हमीपट्टी ओढून फाडूं नये. पेटी उघडणें भागच असेल, तर झाकणाच्या फटींतून पातळ पातें फिरवावें, म्हणजे पट्टीचे दोन्ही तुकडे लाकडावर आपापल्या जागीं राहतात.