हिंगोलीचा मध्य कोठे?

शहराचा मध्य कोठे आहे, असे विचारले तर नकाशा जाणणारा मनुष्य लगेच उत्तर देतो. हद्दीच्या रेषा काढाव्या, लांबी-रुंदी मोजावी आणि मधोमध टाचणी टोचावी. पण त्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, तर एखादे पडीक वावर किंवा ओढ्याचा काठ लागावयाचा आणि गावची रहदारी भलत्याच बाजूने वाहत असावयाची. म्हणून हा प्रश्न भूमितीचा नाही, इतिहासाचा आहे. आपल्या हिंगोलीपुरता तो आज आपण सोडवून पाहू.

राज्यकर्त्यांनी हुकूम करून मध्य ठरवल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. सम्राट ऑगस्टसने इ. स. पूर्व २० मध्ये रोमच्या चौकात सुवर्णस्तंभ उभारला आणि साम्राज्यातले रस्ते तेथे येऊन मिळतात असे जाहीर केले. मुंबईत इंग्रजांनी आपले मैलाचे दगड कोटातील सेंट थॉमस चर्चपासून मोजले. ज्या हैदराबाद संस्थानात आपण १९४८ पर्यंत होतो, त्याच्या राजधानीतही मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली चारमिनार बांधला आणि चार दिशांना चार रस्ते काढले. तेथे मध्य आधी ठरला, शहर मागाहून वाढले.

हिंगोलीला असा चारमिनार कोणी दिला नाही. एकोणिसाव्या शतकात तिला आकार दिला तो छावणीने. निजामाच्या पैशाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेली फौज येथे राहत असे. हीच फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. तिच्या खर्चापोटीच १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. त्या काळच्या साहेबाला हिंगोलीचा मध्य विचारला असता, तर त्याने छावणीच्या मुख्य पहाऱ्याकडेच बोट दाखवले असते.

परंतु या पहाऱ्याची एक कथा आहे, आणि ती ऐकली म्हणजे साहेबाचे उत्तर डळमळते. निजामाच्या नोकरीतील मेडोज टेलर हा अधिकारी काही काळ येथे होता. ठगांविषयीची त्याची कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले आहे की, या भागातील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा हिंगोलीतील एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार झाला होता. याने एकदा मुंबईहून कापड आणण्याचा परवाना सरकारी अधिकाऱ्याकडून रीतसर मिळवला. कापड वाटेवर होते खरे, पण ते दुसऱ्याचे होते. त्या व्यापाऱ्याला नोकर व गाडीवानांसह ठार करून याने तो माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसे मारली गेली आणि शिपायांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. टेलर तेथे असताना, १८३२ च्या सुमारास, हे सारे उघडकीस आले. त्यांतील काही खड्डे उकरले तेव्हा तो स्वतः हजर होता.

श्रोतेहो, या कथेचा अर्थ काय? बंदुका होत्या, शिपाई होते, बिगूल वाजत होता. पण गावचे खरे व्यवहार त्या पहाऱ्याच्या नजरेत नव्हतेच. परगावचा वाटसरू बाजारात येत होता तो पहारा पाहून नव्हे, तर व्यापारी म्हणवणाऱ्याच्या शब्दावर विसंबून. हरीसिंगाने ओळखले होते की, हिंगोलीचा मध्य म्हणजे हा विश्वास आहे. म्हणूनच त्याने नेमका तेथे घाव घातला. चोरालाही मर्मस्थान कळते. कित्येकदा धन्याच्या आधी कळते.

या तर्काची पारख पुढे काळानेच केली. १९०२ साली वऱ्हाडाचा नवा करार झाला, १९०३ मध्ये कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. पहारा हाच गावाचा मध्य असता, तर त्या दिवशी गावही उठावयास हवे होते. तसे झाले नाही. सदर बाजार भरला होता शिपायांसाठी. शिपाई गेले, बाजार राहिला. कापसाच्या गाड्या येतच राहिल्या. पुढे पूर्णेहून मीटरगेज आगगाडी आली, २००८ मध्ये तिचा मार्ग रुंद झाला. आज आपल्या हळदीचे नाव दूरवर गेले आहे.

यावर कोणी म्हणेल, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. आता कचेरी हाच मध्य नव्हे काय? कचेरीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परभणीच्या खेपा करून ज्यांचे जोडे झिजले, त्यांना ते सांगावयास नको. पण हीच गोष्ट जरा वसमतच्या माणसाला विचारा. त्याला नांदेड जवळ, हिंगोली लांब. कागदावर त्याचा मध्य बदलला, पाय मात्र जुन्याच वाटेने जातात. कचेरीत मनुष्य बोलावल्यामुळे येतो, बाजारात गरजेपोटी येतो आणि दसऱ्याला रामलीला मैदानावर आनंदासाठी येतो. खाकीबाबा मठाशी जोडलेल्या त्या उत्सवाची परंपरा १८५५ पासूनची सांगतात. छावणी त्यानंतर पन्नास वर्षेही टिकली नाही. दसरा चालू आहे.

म्हणून मध्य ठरवण्याची आमची कसोटी साधी आहे. परगावचा मनुष्य कोणी न बोलावता जेथे येतो आणि फसवला न जाता जेथून परततो, तो शहराचा मध्य. उद्या दवाखाना, वाचनालय किंवा बसथांबा कोठे असावा, हा वाद निघेल तेव्हा नकाशावरील टाचणी बाजूला ठेवावी. सेनगावाकडल्या खेड्यातून मजुरीचा दिवस बुडवून, कडेवर मूल घेऊन जी बाई येते, तिला मोटारीतून उतरल्यावर किती चालावे लागते ते मोजावे. आणि वजनकाट्याशी तिला न्याय मिळतो की नाही, हेही पाहावे. हरीसिंगाचे वंशज काटा मारूनही आपला धंदा करू शकतात.

औंढ्याच्या नागनाथाची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आणि देऊळच फिरले, त्याने त्यांच्याकडे तोंड केले. नंदी मागे राहिला, तो आजही मागे आहे. इतिहासकार ही गोष्ट पुराव्याला घेणार नाही. पण मध्य कसा ठरतो, याचे याहून नेमके उत्तर आमच्या पाहण्यात नाही. दगडी देवळाला जे जमले, ते नगरपालिकेला अवघड वाटू नये.