पाच वर्षांची अट, जन्माचं कर्ज

अमेरिकेत माणसाने दिवाळखोरी जाहीर केली की क्रेडिट कार्डाची, हॉस्पिटलची देणी सहसा माफ होतात. शैक्षणिक कर्ज मात्र मागे उरतं. हे असं कधीपासून?

१९७६ पर्यंत तेही माफ व्हायचं. मग ओरड सुरू झाली, की पोरं पदवी घेतात आणि लगेच दिवाळखोरी दाखवून हात झटकतात. त्या वर्षी कायद्याने अट घातली: पहिली पाच वर्षं माफी नाही. त्याआधी हवी असेल, तर असह्य ओढाताण सिद्ध करा. पुढे सरकारी तपासणीत असं बुडालेलं कर्ज एक टक्क्याहूनही कमी निघालं. तरी १९७८ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यात अट राहिलीच.

१९८७ च्या ब्रूनर खटल्यात कसोटी ठरली: किमान राहणीमानही परवडत नाही, पुढेही परवडणार नाही, आणि फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केलाय. कडक होती, पण पाच वर्षं थांबलं की सुटका होती.

१९९० मध्ये पाचाची सात वर्षं झाली. १९९८ मध्ये मुदतच गेली, कसोटी तेवढी उरली. २००५ पासून खासगी शैक्षणिक कर्जंही त्यात आली. २०२२ मध्ये सरकारी कर्जांसाठी प्रक्रिया जरा सोपी केली, कायदा तोच.

आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही शैक्षणिक कर्ज माफीतून वगळलंय. सर्वसामान्यांसाठी तो भाग अजून लागू व्हायचाय. तोवर एवढं तरी विचारूया: ही भीती आपण मोजून पाहिलीय का?