परमिटापासून व्हिसापर्यंत

भारताच्या संविधानातल्या सहाव्या कलमात एक तारीख आहे : १९ जुलै १९४८. पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून त्याआधी आलेल्यांसाठी नागरिकत्वाचा एक नियम आणि नंतर आलेल्यांसाठी दुसरा, अर्ज करून नोंदणी करण्याचा. ही तारीख स्वातंत्र्याची नाही, फाळणीचीही नाही. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू लागलं. भारत-पाकिस्तान व्हिसाचं कूळ तिथं सुरू होतं.

त्याआधी या वाटेवर कागद नव्हता. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी कुटुंबं नोकरीधंद्यानं रुजली होती. तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आजही आहे. मुंबईहून बोटीनं कराची गाठता येई. ऑगस्ट १९४७ मध्ये देश दोन झाले, तरी पुढचे अकरा महिने जाण्यायेण्यावर परवान्याची अट आली नाही.

मग ती आली कशामुळे? सुरक्षेचं कारण सांगितलं गेलं; माझ्या मते खरा पेच घरांचा होता. १९४७ च्या दंगलीत दिल्लीतले हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या छावण्यांत गेले आणि तिथून अनेकजण पाकिस्तानात. त्यांच्या घरांत पंजाबातून उखडून आलेले निर्वासित राहू लागले. १९४८ च्या पूर्वार्धात शहर शांत झालं, तसे गेलेले लोक परतू लागले. घर कुणाचं? मूळ मालकाचं म्हणावं तर निर्वासित पुन्हा रस्त्यावर, आणि निर्वासिताचं म्हणावं तर मालक आपल्याच शहरात बेघर. दोघांचंही दुःख खरं होतं. सरकारनं मात्र तो प्रश्न दारातून हलवून सरहद्दीवर नेला आणि वटहुकूम काढला. त्याच वर्षी पाकिस्ताननंही परमिट लागू केलं.

परमिटं अनेक प्रकारची होती. थोड्या दिवसांच्या भेटीचं वेगळं, कायमचं परतण्याचं वेगळं. दंगलीच्या भीतीनं बायकामुलांना घेऊन कराचीला गेलेला माणूस भेटीच्या परमिटावर आपल्या गावी आला आणि मुदत संपल्यावरही राहिला, तर तो गुन्हेगार ठरे. संविधानाचं सातवं कलम याच कागदावर उभं आहे : १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटावर आलेला असेल तर त्याला हे कलम लागू नाही. प्रवासाच्या परवान्याला संविधानात इतकं वजन मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

पूर्वेकडे, बंगालात, सरहद्द तशीच उघडी राहिली. ऑक्टोबर १९५२ मध्ये तिथंही आणि पश्चिमेकडेही पासपोर्ट आणि व्हिसा आले. दार बंद होणार या धास्तीनं त्याआधीच्या आठवड्यांत पूर्व बंगालातून माणसांचा लोंढा आला.

नाव बदललं, पण स्वभाव परमिटाचाच राहिला. एरवी व्हिसा देशाचा असतो; हा ठरावीक शहरांचा. अर्जात लिहिलं असेल त्याच गावी जायचं, पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची, निघतानाही कळवायचं. मावशी लखनौला आणि चुलतभाऊ कानपूरला असेल, तर व्हिसावर दोन्ही गावं हवीत. पाहुण्याकडे कायमचा राहून जाईल अशा नजरेनं बघायची सवय १९४८ चीच आहे.

ही पकड सैल करण्याचा मोठा प्रयत्न सप्टेंबर २०१२ च्या करारात झाला. भेटीला येणाऱ्यांना तीनऐवजी पाच ठिकाणं, आणि पासष्टीपुढच्यांना अटारी-वाघा इथं पोहोचल्यावर पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा. ही दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते. कारण फाळणीआधीचं आपलं घर ज्यांना आठवत होतं, ते सगळे तोवर त्याच वयाचे झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं पाकिस्तानी नागरिकांना दिलेले, काही अपवाद वगळता, सगळे व्हिसा रद्द केले आणि अटारीची तपासणी चौकी बंद केली.