पकडलेला मासा आणि पूर्ण वर्तमानकाळ

इंग्रजीतील 'आय हॅव रिटन' या रूपाला मराठी शाळांत पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि 'मी लिहिले आहे' असे त्याचे भाषांतर पाठ करून घेतात. परंतु ही दोन रूपे शेजारी ठेवली, तर त्यांतील एक शब्द जुळत नाही हे लगेच लक्षात येते. मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे' हे अस्तित्व सांगणारे क्रियापद येते, तर इंग्रजी वाक्यात त्याच कामासाठी 'हॅव' हे मालकी सांगणारे क्रियापद राबवले जाते. लिहिणे संपले एवढेच सांगायचे असताना मालकीची गरज का पडावी, या प्रश्नाचे उत्तर सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सापडते. आणि मराठी विद्यार्थ्याला या काळाचे रूप चटकन जमूनही त्याचा वापर मात्र वर्षानुवर्षे का चुकतो, याचे मूळही पुष्कळ अंशी तिथेच आहे.

१०६६ मधील नॉर्मन विजयापूर्वीची इंग्रजी, जिला प्राचीन इंग्रजी म्हणतात, ती संस्कृतप्रमाणेच विभक्तिप्रत्ययांवर चालणारी भाषा होती. तिच्या अभ्यासग्रंथांत नमुन्यादाखल दिले जाणारे एक वाक्य 'इच हॅब्बे थोने फिश येफांगेन्ने' असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'माझ्यापाशी तो मासा पकडलेल्या स्थितीत आहे' असा होतो. येथे 'हॅब्बे' हे आजच्या 'हॅव'चे पूर्वरूप असून त्याचा अर्थ अगदी रोकडा, जवळ बाळगण्याचा आहे. मासा हे त्याचे कर्म आहे. आणि 'येफांगेन्ने' हे त्या माशाचे विशेषण आहे, ज्याच्या शेवटचा '-ने' हा पुल्लिंगी एकवचनी द्वितीयेचा प्रत्यय विशेषण नामाशी जुळवून घेत असल्याची खूण आहे. धातूपासून बनलेल्या आणि क्रिया होऊन गेल्याचे दाखवणाऱ्या अशा विशेषणाला भूतकालवाचक धातुसाधित म्हणतात. मासा कोणी पकडला हे मात्र या रचनेच्या मूळ अर्थात कुठेच येत नाही. शेजाऱ्याने पकडून आणून दिला असला, तरी वाक्य खरेच ठरते.

पण ज्याच्या हाती पकडलेला मासा दिसतो, त्यानेच तो पकडला असणार, असे ऐकणारा बहुधा गृहीत धरतो, आणि भाषेच्या इतिहासात असे वारंवार केलेले अनुमान हळूहळू शब्दाचा अर्थच होऊन बसते. धातुसाधित कर्माचे विशेषण होते, ते कर्त्याची क्रिया सांगू लागले. मग त्याने कर्माशी जुळवून घेण्याचे कारण उरले नाही, म्हणून प्रत्यय गळला, आणि वाक्याच्या टोकाला असलेला तो शब्द सरकत सरकत 'हॅव'च्या शेजारी येऊन बसला. हे स्थित्यंतर एका रात्रीत घडले नाही. उपलब्ध प्राचीन इंग्रजी लेखनातच प्रत्यय असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपे आढळतात. मालकीचा अर्थ किती विरला हे पाहायचे असेल, तर आजचे 'आय हॅव लॉस्ट इट' हे वाक्य पुरेसे आहे, कारण हरवलेली वस्तू जवळ असूच शकत नाही.

अकर्मक क्रियापदांना हा मार्ग मोकळा नव्हता. येणे, जाणे, पडणे यांना कर्मच नाही, तेव्हा जवळ बाळगायचे काय? म्हणून गती आणि स्थित्यंतर दाखवणाऱ्या अशा क्रियापदांना इंग्रजीने 'बी' हे असण्याचे क्रियापद लावले, आणि 'ही इज कम' हे वाक्य शतकानुशतके निर्दोष मानले गेले. हा तर शब्दाला शब्द 'तो आला आहे' असाच ऐवज झाला. 'हॅव'ने पुढे हे क्षेत्रही गिळले, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत 'बी'ची रचना मागे पडत गेली, आणि 'इज गॉन'सारखे थोडे अवशेष तेवढे राहिले. मराठी मुलाच्या वहीतील 'ही इज कम'वर आज जी तांबडी रेघ ओढली जाते, ती शेक्सपिअरच्या काळात ओढली गेली नसती.

मालकीतून पूर्णत्व घडवण्याची ही युक्ती एकट्या इंग्रजीची नाही. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'हाबेओ' या क्रियापदाला धातुसाधित जोडले जाऊ लागले आणि फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांच्या संयुक्त काळांचा जन्म त्यातून झाला. जर्मनचीही वाट तीच. ही पद्धत इंग्रजी, जर्मन आदी जर्मानिक भाषांनी लॅटिनकडून उचलली की स्वतंत्रपणे घडवली, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मात्र जगाच्या नकाशावर ती प्रामुख्याने युरोपातच आढळते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. फ्रेंचच्या बोलीत आणि दक्षिण जर्मनीत या संयुक्त रूपाने पुढे साध्या भूतकाळालाच हुसकावून लावले, त्यामुळे तेथे 'काल' हा शब्द त्याच्याबरोबर बिनदिक्कत येतो. इंग्रजी त्याच उतारावरून निघाली होती, आणि सतराव्या शतकापर्यंतच्या लेखनात निश्चित भूतकाळ दाखवणाऱ्या शब्दांसह 'हॅव'ची रचना अधूनमधून भेटतेही. परंतु ती मध्येच थबकली, आणि 'यस्टरडे'बरोबर हे रूप चालत नाही असा दंडक पक्का झाला.

व्याकरणकार या रूपाकडे वळले, ते लॅटिनचा चष्मा लावूनच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन पंडित वारो याने लॅटिन क्रियापदाचे 'इन्फेक्टुम' म्हणजे अपुरे आणि 'पर्फेक्टुम' म्हणजे तडीस गेलेले असे दोन गट केले होते. 'परफेक्ट' हे नाव तिथले, आणि मराठीतील 'पूर्ण' हे त्याचे भाषांतर. लिंडली मरे याने १७९५ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात 'हॅव रिटन'ला परफेक्ट म्हटले आणि हे रूप गतकाळाबरोबर वर्तमानाचीही सूचना देते असे नेमके टिपले. मात्र 'रोट' या साध्या भूतकाळाला त्याने 'इम्परफेक्ट', म्हणजे अपूर्ण, ठरवले, जे संपलेल्या क्रियेवर अन्यायच करणारे होते. तर्कशुद्ध उलगडा हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये केला. प्रत्येक काळात क्रियेचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि ज्या ठिकाणी उभे राहून क्रियेकडे पाहिले जाते तो संदर्भक्षण, असे तीन बिंदू त्याने मानले. साध्या भूतकाळात संदर्भक्षण क्रियेपाशी असतो, पूर्ण वर्तमानकाळात तो बोलणाऱ्यापाशी असतो. मासा पकडला केव्हाही असो, तो हातात आहे तो आत्ता.

'परफेक्ट' या नावाने संस्कृतच्या अभ्यासातही थोडा घोळ घातला आहे. युरोपीय पंडितांनी ग्रीकशी असलेले रूपसाम्य पाहून लिट् या लकाराला, म्हणजे क्रियापदाच्या एका रूपगटाला, हे नाव दिले. पाणिनीच्या मते मात्र लिट् हा परोक्ष, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टींचा भूतकाळ आहे. इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाच्या जवळ जाणारा अर्थ वैदिक भाषेत लुङ् लकाराकडे होता, आणि विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८७९ च्या संस्कृत व्याकरणात हे नोंदवले आहे.

मराठीचे रूप वेगळ्या कुळातले आहे. संस्कृतातील 'मया लेखः लिखितः' (माझ्याकडून लेख लिहिला गेला) या धर्तीच्या कर्मणी रचनेतील धातुसाधिताला प्राकृतातील 'इल्ल' प्रत्ययाची भर मिळून 'लिहिला' हे रूप घडले. म्हणजे मराठीचा साधा भूतकाळ हाच मुळात धातुसाधित आहे, आणि त्यापुढे 'आहे' ठेवले की पूर्ण वर्तमानकाळ होतो. लेख लिहिला आहे, चिठ्ठी लिहिली आहे, पत्र लिहिले आहे: कर्माशी लिंगवचनाने जुळण्याची जी सवय इंग्रजीने हजार वर्षांपूर्वी सोडायला घेतली, ती मराठीने सांभाळली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी क्रियापदांचे वर्गीकरण इंग्रजीच्या धर्तीवर होत गेले, पुढे 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या पुस्तकमालेने वाक्यागणिक उलथापालथ करण्याची पद्धत घरोघर नेली, आणि 'हॅव' बरोबर 'आहे' हे समीकरण कायम झाले.

समीकरण सोयीचे खरे, परंतु ते तीन ठिकाणी फसते. 'मी काल पैसे दिले आहेत' हे मराठीत बिनचूक आहे, कारण 'आहे' क्रियेची निश्चित वेळ सांगायला हरकत घेत नाही. इंग्रजीत तिथे साधा 'गेव्ह' लागतो. 'मी दहा वर्षे पुण्यात राहतो' यात मराठीला निव्वळ वर्तमानकाळ पुरतो, म्हणून 'आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' असे वाक्य तयार होते. इंग्रजीला मात्र ती दहा वर्षे हातात धरून दाखवायची असतात, म्हणून 'हॅव लिव्ह्ड' आणि कालावधीसाठी 'फॉर'. तिसरे ठिकाण अधिक सूक्ष्म आहे. 'गीतारहस्य हा ग्रंथ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिला आहे' हे मराठी वाक्य कोणालाही खटकत नाही, पण टिळकांना कर्ता करून 'हॅज रिटन' म्हटले, तर इंग्रजी कान बिचकतो, कारण १९२० मध्ये दिवंगत झालेल्या माणसाच्या नावे वर्तमानातली कमाई जमा करता येत नाही. ग्रंथालाच कर्ता केले, तर अडचण उरत नाही: गीतारहस्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत, हे सांगताना 'हॅज बीन ट्रान्सलेटेड' निर्वेधपणे चालते, कारण ग्रंथ अजून वाचकांच्या हाती आहे.