चिनी कोठार, अमेरिकी कायदा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला १९०१ साली १२,००० डॉलरची एक देणगी मिळाली. देणारा डीन लुंग हा एका धनिकाच्या घरचा चिनी नोकर. चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद करणारा १८८२ चा कायदा तेव्हा लागू होता. चिनी विद्या शिकवली जावी म्हणून त्याने आपली शिल्लक दिली. मालकाने त्यात मोठी भर घातली. त्यातून उभ्या राहिलेल्या अध्यासनावर जर्मन पंडित फ्रिडरिख हिर्थ आले.

याच विद्यापीठात चेन हुआन-चांग अर्थशास्त्र शिकायला आला. चीनच्या राजकीय परीक्षांतली 'जिनशी' ही सर्वोच्च पदवी त्याने १९०४ साली मिळवली होती. कन्फ्युशियस-परंपरेतील अर्थविचारावरचा त्याचा इंग्रजी प्रबंध १९११ मध्ये दोन खंडांत निघाला. प्रास्ताविक हिर्थ यांचे होते. पुढच्याच वर्षी केन्सने त्याचे परीक्षण लिहिले.

प्रबंधात 'चांगपिंगत्सांग', म्हणजे 'सदा समतोल कोठार', याची माहिती आहे. इ. स. पू. ५४ मध्ये हान दरबारातील कंग शौ-छांग या अधिकाऱ्याने ही कोठारे उभारली. धान्य स्वस्त झाले की सरकारने चढ्या भावाने घ्यायचे, महागले की उतरत्या भावाने विकायचे. शेतकरी बुडू नये, खाणाराही उपाशी राहू नये, हा हेतू.

हा प्रबंध आयोवातील शेतीविषयक पत्राचा संपादक हेन्री वॉलेस याच्या वाचनात आला. पुढे तो अमेरिकेचा शेतीमंत्री झाला आणि १९३८ च्या शेती कायद्यात 'सदा समतोल कोठारा'ची योजना आली. हे नाव आपण चेनच्या प्रबंधातून घेतले, असे वॉलेसने स्वतः सांगितले आहे.

पण चेन हा कन्फ्युशियस-मताचा कट्टर प्रचारकही होता, हे विसरून चालणार नाही. ही कोठारे पहिल्या दहा वर्षांतच, इ. स. पू. ४४ मध्ये, बंद झाली, आणि तीही कन्फ्युशियसपंथी पंडितांच्याच आग्रहाने. राज्याने नफ्यासाठी प्रजेशी स्पर्धा करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या परंपरेचे फळ म्हणून चेन ही कोठारे दाखवतो, तिच्यातच त्यांना विरोध होता. हा वाद 'हानशू' या इतिहासग्रंथाच्या 'अन्न आणि धन' या प्रकरणात नोंदलेला आहे.

म्हणूनच चिनी भाषा आणि अर्थशास्त्र यांची सांगड महत्त्वाची. केवळ अर्थशास्त्र जाणणाऱ्याच्या हाती चेनचा सारांश पडतो. केवळ भाषा जाणणाऱ्याला कोठाराचा भाव-व्यवहार जोखता येत नाही. चेनचा प्रबंध निघाल्यावर दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर त्याच कोलंबियात अर्थशास्त्र शिकायला दाखल झाले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहाराची चिकित्सा केली. आपल्या देशाचा अर्थव्यवहार इतरांनी सांगावा आणि आपण ऐकावा, हे दोघांनाही मान्य नव्हते. फरक एवढाच की, चेनने परंपरेचे वकीलपत्र घेतले, तर आंबेडकरांनी राज्यकर्त्यांच्या हिशेबाची उलटतपासणी केली. डीन लुंगच्या देणगीमागची इच्छा पुरी व्हायची, तर या दोन्ही विद्यांच्या जोडीला अशी उलटतपासणीही हवी.