टपाल व हाताळणी शुल्क (संग्राह्य वस्तूंची ऑनलाइन विक्री)

टपाल व हाताळणी शुल्क म्हणजे वस्तू ग्राहकापर्यंत पोहोचवण्यासाठी विक्रेता तिच्या किमतीव्यतिरिक्त आकारतो ती रक्कम. टपाल खात्याला किंवा कुरिअर कंपनीला द्यावे लागणारे पैसे हा तिचा पहिला भाग, तर वेष्टनाचे साहित्य व बांधणीचे श्रम हा दुसरा. टपालतिकिटे, नाणी, कॉमिक्स, ध्वनिमुद्रिका अशा संग्राह्य वस्तूंच्या विक्रीत या शुल्काला विशेष महत्त्व आहे. या वस्तूंचे मोल त्यांच्या स्थितीवर अवलंबून असते. दुमडलेल्या एका कोपऱ्यानेही ते घटते. त्यामुळे बांधणीत काटकसर करता येत नाही. दुसरीकडे, स्वस्त वस्तूच्या बाबतीत हे शुल्क मूळ किमतीहून अधिक होऊ शकते.

पार्श्वभूमी

पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ईबे या संकेतस्थळामुळे संग्राह्य वस्तूंचा ऑनलाइन लिलाव सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. प्रारंभी विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन केवळ वस्तूच्या अंतिम किमतीवर आकारले जाई. टपाल शुल्क त्यातून वगळलेले असे. परिणामी काही विक्रेते वस्तूची किंमत नाममात्र ठेवून टपाल शुल्क अवाच्या सवा लावीत. त्यामुळे कमिशन वाचे आणि यादीत वस्तू स्वस्त दिसे. २००७ मध्ये ईबेने ग्राहकांना विक्रेत्याच्या टपाल व हाताळणी शुल्काविषयी स्वतंत्र गुण देण्याची सोय केली. २०११ पासून अमेरिकेत कमिशन टपाल शुल्कासह एकूण रकमेवर आकारले जाऊ लागले, त्यामुळे या पळवाटेचे मुख्य आकर्षण संपले.

ग्राहकाच्या मनावरील परिणाम

तंजीम होसेन व जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर सीडी व व्हिडिओ गेम यांचे लिलाव करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका लिलावात प्रारंभिक बोली ४ डॉलर व टपाल विनामूल्य, तर दुसऱ्यात बोली १ सेंट व टपाल ३.९९ डॉलर, अशी त्यांची एक मांडणी होती. दोन्हीकडे किमान खर्च सारखाच असूनही कमी बोली व अधिक टपाल असलेल्या लिलावांना सामान्यतः अधिक बोलीदार व अधिक उत्पन्न मिळाले. मात्र एकूण रकमेत टपालाचा वाटा फार मोठा झाला, तेव्हा हा लाभ टिकला नाही. ग्राहक टपाल शुल्काकडे पुरेसे लक्ष देत नाही, असा याचा अर्थ होतो. शुल्क आधीच ठळकपणे सांगण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो.

शुल्काचे घटक

वाहतूक : दर वजन, अंतर व सेवेच्या प्रकारानुसार बदलतो. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन व आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल ते धरतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५००० ने भागण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यानुसार ३० × २० × १५ सेंमीचे खोके आत हलकी वस्तू असली तरी १.८ किलोग्रॅमचे मानले जाते.

वेष्टन : तिकिटांसाठी ग्लासीन कागदाचे पाकीट व दोन्ही बाजूंना पुठ्ठा, नाण्यांसाठी ती हलणार नाहीत असे आवरण, तर चिनी मातीच्या वस्तूंसाठी खोक्यात खोके अशी बांधणी केली जाते. ध्वनिमुद्रिका छापील वेष्टनातून बाहेर काढून त्याच्यालगत ठेवतात, म्हणजे प्रवासात तबकडीच्या कडेने वेष्टन फाटत नाही.

जोखीम : हरवलेली नवी वस्तू पुन्हा विकत घेता येते, दुर्मीळ वस्तूची भरपाई केवळ पैशाने होत नाही. म्हणून मौल्यवान वस्तूंसाठी विमा व पोच यांचा खर्च धरला जातो.

आकारणीच्या पद्धती

प्रत्यक्ष खर्चाइतके शुल्क, सर्वांना एकच ठरावीक शुल्क आणि 'विनामूल्य टपाल' या तीन पद्धती प्रचलित आहेत. तिसऱ्या पद्धतीत खर्च नाहीसा होत नाही, तो सहसा किमतीत मिसळलेला असतो. अनेक वस्तू एकत्र घेणारा ग्राहक अशा वेळी तोच खर्च पुन्हा पुन्हा भरतो. एकाच पाकिटात जाणाऱ्या पाच तिकिटांवर पाच वेळा टपाल आकारणे रास्त मानले जात नाही. पहिल्या वस्तूला पूर्ण व पुढील प्रत्येकीला केवळ वाढीव खर्च, ही एकत्रित टपालाची रीत संग्राहकांमध्ये रूढ आहे.

हिशेबात कमिशनही विचारात घ्यावे लागते. समजा, एका ध्वनिमुद्रिकेसाठी वाहतुकीचे ११० रुपये, साहित्याचे ३५ व श्रमाचे १५ असे १६० रुपये लागतात आणि संकेतस्थळ एकूण रकमेवर १० टक्के कमिशन घेते. विक्रेत्याने १६० रुपयेच आकारले, तर त्याच्या हाती १४४ उरतात. खर्च भरून निघण्यासाठी सुमारे १७८ रुपये आकारावे लागतात. हे १८ रुपये नफा नव्हेत. परंतु ग्राहकाला कारण न कळल्यास ते तसे वाटू शकतात.

भारतातील तरतुदी

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात आणि तिची फोड देणे आवश्यक आहे. वितरण, टपाल व हाताळणी शुल्क आणि कर यांचा या फोडीत उल्लेख आहे. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सुरुवातीला किंमत अपुरी दाखवून खरेदीच्या शेवटी शुल्क वाढवण्याच्या प्रथेचा समावेश प्रतिबंधित फसव्या पद्धतींत केला. परदेशी ग्राहकाला टपाल शुल्क सांगण्यापूर्वी वस्तू देशाबाहेर पाठवता येते का, हेही तपासावे लागते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही.