काहिलीतलं न्हाणं

उत्रोलीत आमच्या जुन्या घराच्या मागं न्हाणी होती. न्हाणी म्हणजे काय, तर एक सपाट दगड, तीन बाजूंनी कुडाचा आडोसा आणि अळूच्या वाफ्यापर्यंत काढलेला सांडपाण्याचा पाट. वर आभाळ. शेजारी तीन दगडांवर काळाकुट्ट हंडा. आई पहाटे आडावरनं पाणी आणायची, जाळ घालायची. पहिली आंघोळ आजोबांची, मग वडील, चुलते, मग आम्ही पोरं. जेवढं ऊन पाणी काढायचं तेवढं गार वरून ओतायचं. आईचा नंबर यायचा तेव्हा जाळ विझलेला आणि पाणी नावालाच कोमट.

गरम पाण्याचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात ही रांग लिहायला पाहिजे. लाकूडफाटा आणणारी सगळ्यात शेवटी.

भोर संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा आई परकरी पोर होती. लग्न होऊन आली तशी खाचरात उतरली. आमच्याकडची भातलावणी म्हणजे डोक्यावर इरलं, कंबर वाकलेली आणि पाय दिवसभर चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या पडायच्या. संध्याकाळी ती चुलीपुढं पाय शेकत बसायची. बाईला मनसोक्त ऊन पाणी मिळायचं ते एकदाच, बाळंतपणात. निर्गुडीचा पाला घालून उकळलेलं.

पुढं वडिलांनी पुण्याच्या तांबट आळीतनं तांब्याचा बंब आणला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायला जागा. चार ढलप्यांत पाणी तापायचं. लाकूड कमी लागायला लागलं, पण रांग तीच राहिली.

आईचे गुडघे धरले तेव्हा मी तिला वरंधा घाट उतरून महाडजवळच्या सवला नेलं. सावित्रीच्या काठी तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतनं खोल जातं, पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. वज्रेश्वरीपासून दापोलीच्या उन्हवऱ्यापर्यंत कोकणात असे झरे जागोजागी आहेत. आई तिथं तासभर बसली. परतताना घाटात म्हणाली, "चूल न पेटवता पाणी तापलेलं आज पहिल्यांदा बघितलं रं."

हे वाक्य मनातनं जाईना. दरवेळी घाट उतरणं तिला झेपणारं नव्हतं. मग शिरवळच्या बाजूला एक गुऱ्हाळ मोडीत निघालं होतं, तिथनं पाच फुटी काहील आणली. परसात दगडमातीचं चुलवण बांधलं. एका बाजूला जाळाला तोंड, दुसऱ्या बाजूला धुराडं, आणि काठाला धरून उतरायला दोन दगडी पायऱ्या. फूटभर पाणी भरलं तर पाचशे लिटरच्या आसपास बसतं. ते तापायला बांधावरची वाळकी लाकडं पंधरा-सोळा किलो जातात.

पहिल्या दिवशी मीच बसलो आणि ओरडत उठलो. पाणी बेताचं, पण तळ तव्यासारखा! पुतण्या कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आलेला, तो हसला. तिकडं तळाखाली जाळ घालायच्या लोखंडी टबाला 'गोएमोनबुरो' म्हणतात म्हणे. इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला १५९४ साली कढईत उकळून मारलं, त्याचं नाव. ती माणसं पायाखाली लाकडी फळी दाबून बसतात, अंग बाहेरच धुतात आणि एकाच पाण्यात सगळं घर आळीपाळीनं शेकतं. मी सागाच्या फळ्यांचा पाट केला. नियमही ठरवला. आधी जाळ ओढून काढायचा, हात बुडवून बघायचं, मगच माणूस उतरायचं. म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं पुरे, आणि जवळ कुणीतरी पाहिजेच.

आडोशाला ताडपत्री बांधली. कारभारणीनं आईला हात धरून आणलं. आईनं पाण्याकडं बघितलं, मग लाकडाच्या ढिगाकडं.

"एवढ्या पाण्यात आख्खं घर न्हालं असतं," ती म्हणाली. "आधी पोरांना बसवा."

"पोरं मागनं. आज पहिला नंबर तुझा."

ती काठावर बसली, नुसते पाय सोडले. बराच वेळ काही बोलली नाही. मग लुगड्यासकट हळूच आत उतरली. मी बाहेर आलो. ताडपत्रीच्या आडून तिचा आवाज आला, "पाणी कुणी आणलं रं?"

"मी आणलं."

"आन् जाळ?"

"मीच घातला."

आत पाणी हललं. "मग तू गारठला असशील," आई म्हणाली. "माझं झालं की लगेच बस. निवू देऊ नको."